साकुराची धून, नागपूरचा बेंजो

मा. संपादक,

सविनय जय भीम.

मागच्या आठवड्यात शहरातल्या एका सभागृहात जपानी पाहुण्यांच्या स्वागताचा कार्यक्रम झाला. त्याची बातमी आपल्या अंकात आतल्या पानावर फोटोसकट आली. तिच्यात लिहिलं आहे की बासरीवर वाजलेल्या जपानी प्रार्थनेने वातावरण भारावून गेलं. मी त्या कार्यक्रमाला मागच्या रांगेत होतो. मंचावर बासरीवाला नव्हताच. साउंडवाल्या पोराने लॅपटॉपला पेन ड्राइव्ह लावला आणि कीबोर्डवर तयार केलेली एक धून सोडली. तिच्यात बासरीचा नकली आवाज होता, मागे झऱ्याची खळखळ होती आणि अधूनमधून पाखरंही चिवचिवत होती. प्रार्थनाही ती नव्हती. ते 'साकुरा साकुरा' होतं, जपानातलं सगळ्यांत ओळखीचं जुनं गाणं.

वार्ताहराला मी दोष देत नाही. एका संध्याकाळी तीन तीन कार्यक्रम उरकायचे आणि रात्री नऊच्या आत बातमी द्यायची, म्हटल्यावर मंचावरून निवेदिका जे सांगेल तेच छापून येणार. आणि निवेदिकेनेच 'जपानची प्रार्थना' असं सांगितलं होतं. मला खटकलं ते दुसरंच. ज्या नागपुरात इंदोऱ्यापासून ताजबागेपर्यंत बेंजो, म्हणजे बटणांचं बुलबुल तरंग, वाजवणारी माणसं अजून आहेत, तिथे साकुरा पेन ड्राइव्हवरून ऐकवावं लागलं. बेंजोचा आणि जपानचा काय संबंध, असं कोणी विचारेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पत्र लांबलं तर खुशाल कात्री लावा, फक्त सुरांचा परिच्छेद तेवढा ठेवा.

मी मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होतो. निवृत्त होऊन बराच काळ लोटला. बेंजो मात्र नोकरीच्या आधीपासूनचा. भीमजयंतीचे कार्यक्रम, लग्नाघरच्या रात्री, उर्सातल्या कव्वालीच्या पार्ट्या, जिथे बोलावणं आलं तिथे बेंजो काखेत मारून गेलो. आता बोटं तेवढी पळत नाहीत, म्हणून वाजवण्यापेक्षा दुरुस्तीच जास्त करतो. जपान आम्हा इंदोऱ्याच्या लोकांना परकं नाही. जपानात जन्मलेले भदंत सुरई ससाई आमच्याच वस्तीतल्या विहारात राहून आमचे झाले. कामठीचं ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार जपानच्या नोरिको ओगावा यांच्या दानातून उभं राहिलं आणि १९९९ पासून तिथे जपानी माणसांची ये-जा आहे. दीक्षाभूमीवर दसऱ्याच्या गर्दीत भगव्या आणि पिवळ्या चिवरातले जपानी भिक्खू दिसले तर आमची पोरं वळूनही पाहत नाहीत.

आता गाण्याविषयी. साकुरा म्हणजे चेरीचा बहर. वसंतातलं आभाळ, नजर जाईल तिथवर फुलंच फुलं, धुकं म्हणावं की ढग म्हणावेत कळेना, चला पाहायला जाऊ. गाण्यात एवढंच आहे. देवाचं नाव नाही, बुद्धाचं नाही, कोणाकडे मागणंही नाही. मार्चअखेरीला आणि एप्रिलमध्ये जपानी लोक डबे बांधून झाडांखाली सतरंज्या टाकून बसतात, त्या दिवसांचं हे गाणं. (आपल्याकडे त्याच दिवसांत पळसाचा भर ओसरलेला असतो आणि माणसं कूलरला नवी खस लावत असतात.) धून एदो काळातली, म्हणजे १६०३ ते १८६८ या मधली, असं मानतात. तेव्हा शहरांत कोतो हे तारांचं वाद्य शिकणाऱ्यांच्या हाताला वळण लावायला ती वाजवून घेत. १८८८ साली टोकियोच्या संगीतशाळेने कोतोच्या रचनांचं पुस्तक छापलं, त्यात ती आली आणि तिथून देशभर पोचली. १९४१ मध्ये शाळेच्या पुस्तकासाठी तिला दुसरे शब्द बसवले, धून तीच ठेवली.

म्हणून तिला सरसकट लोकगीत म्हणतानाही मी जरा अडखळतो. होक्काइदोचे कोळी हेरिंग मासळीची जाळी ओढताना म्हणत ते 'सोरान बुशी' हे खरं कष्टकऱ्यांचं लोकगीत. त्यात दम लागतो, हाकारे येतात. साकुरा शहरातलं आणि शिकवणीतलं आहे. पण कोणी रचलं ठाऊक नाही आणि सगळ्यांच्या तोंडी आहे, तेव्हा लोकगीत म्हटलं तर भांडायलाही नको.

कोतो ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. माणसाएवढं लांब, जमिनीवर आडवं ठेवायचं पोकळ वाद्य, किरी नावाच्या हलक्या लाकडाचं. वर तेरा तारा आणि प्रत्येक तारेखाली तिला उचलून धरणारी आपली आपली सरकती घोडी. उजव्या हाताचा अंगठा आणि पुढची दोन बोटं यांत नख्या चढवून तार छेडायची, सूर चढवायचा असेल तर डाव्या हाताने घोडीच्या पलीकडे तार दाबायची. सतराव्या शतकातले दृष्टिहीन वादक यात्सुहाशी केंग्यो यांच्या नावावर 'हिराजोशी' नावाची जुळणी सांगतात. तारा तशा लावल्या की साकुराचे सगळे सूर सुट्या तारांवरच हजर असतात, काही दाबावं लागत नाही. नवशिक्याला पहिल्यांदा हीच धून का देतात ते यावरून कळावं. तारांचे आकडे पाठ करायचे, सात सात आठ, सात सात आठ, की गाणं सुरू झालं.

आपल्या घरातल्या पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, ते याहून सोपं आहे. पांढरी तीनचा सा धरा. पांढरी दोन आणि पांढरी पाच यांना हात लावायचा नाही, काळ्या पट्ट्यांकडे तर बघायचंही नाही. मग सूर असे पडतात: म म प, म म प. म प ध प, म पम रे. सा ध सा रे, सा साध प, यातले ध आणि प मंद्रातले, म्हणजे खालच्या सप्तकातले. यानंतर दुसरी आणि तिसरी ओळ जशीच्या तशी पुन्हा, मग पहिली ओळ, आणि शेवटी सा रे, पम, रे सा. रे आणि ध दोन्हीकडे कोमल. सात ओळी, ओळीला दोन बार (मात्रांचे ठरलेले गट), एकूण चौदा बारांत खेळ आटोपतो. लय संथ ठेवा. जिथे सूर थांबतो तिथे तुम्हीही थांबा, मधली जागा भरायला जाऊ नका.

जाणकार वाचक म्हणतील, हा तर गुणक्री राग झाला. सूर तेच आहेत हे खरं; गंधार आणि निषाद वर्ज्य, रिषभ-धैवत कोमल. वर्कशॉपात माझ्याबरोबर एक जण होते, पंडितांकडे रीतसर शिकलेले. डब्याच्या सुट्टीत त्यांना मी ही धून शिट्टीवर ऐकवली तर म्हणाले, "गुणक्रीच आहे, पण गुणक्रीत राहायला आलेली नाही, नुसती दारातून डोकावून गेली." मला ते पटलं. आपला गवई कोमल रिषभावर आला की त्याला झुलवल्याशिवाय, शेजारच्या सुराला लावून आणल्याशिवाय पुढे जात नाही. साकुरात रिषभ सरळ लागतो आणि तसाच सोडून देतात. शिवाय आपण सा पासून निघतो आणि सा वर येतो. ही धून मध्यमावर सुरू होते, पंचमाला टेकते, मंद्रात उतरते आणि सा वर टेकायचं काम अगदी शेवटच्या ओळीवर ठेवते. तानपुरा लावून ही वाजवली तर मजा जाते. मी तर बेंजोच्या साथीच्या तारांवर फडकं ठेवून त्या बंद करतो.

ही धून गायकांपेक्षा वादकांनी जास्त फिरवली. मध्यंतरी भाच्याने जुना मोबाइल आणि हेडफोन दिला, तेव्हापासून रात्री जेवणं झाली की मी यातलं जे सापडेल ते ऐकतो. मियागी मिचिओ यांच्यावाचून तर पुढे जाताच येत नाही. जन्म १८९४, कोबे शहरातला. लहानपणीच दृष्टी गेली. कोतोला खर्ज कमी पडतो म्हणून त्यांनी १९२१ मध्ये सतरा तारांचा मोठा कोतो बनवून घेतला आणि १९२३ मध्ये दोन साधे कोतो आणि हा सतरा तारांचा, अशा तिघांसाठी साकुरावर रचना बांधली. त्यात धून आधी साधी समोर येते, मग एक जण ती धरून ठेवतो आणि दुसरा तिच्याभोवती फिरत्या घेतो, खालून मोठा कोतो भारदस्त सूर टाकतो. मी ती कितीदा ऐकली असेल. मूळ चौदा बारांना कुठे धक्का लागत नाही, हे मला त्यातलं मोठं वाटतं. हेच मियागी कोतो आणि शाकुहाची या बांबूच्या बासरीसाठी 'हारु नो उमी' रचून जगाला माहीत झाले, आणि रने शमे या फ्रेंच बाईंनी शाकुहाचीच्या जागी व्हायोलिन घेऊन १९३२ मध्ये त्यांच्यासोबत तबकडी केली. १९५६ च्या जूनमध्ये रात्रीच्या गाडीतून पडून मियागी गेले. मी रेल्वेचा माणूस, ते वाचून फार वाईट वाटलं.

युरोपातल्या लोकांनीही ही धून उचलली. पुच्चीनी या इटालियन संगीतकाराने १९०४ च्या 'मादामा बटरफ्लाय' या ऑपेरात ती घातली, पण तिथे ती येते आणि जाते, फारसं काही करत नाही. गिटारवर मात्र छान बसली आहे. योको युकिजिरो या जपानी गिटारकाराने तिच्यावर रचना बांधली आणि जॉन विल्यम्स यांच्यासारख्या वादकाने ती वाजवली. गिटारवरही सूर छेडला की लगेच विरायला लागतो, म्हणून कोतोचा बाज तिथे टिकतो. सत्तरच्या दशकात झाँ-पिएर राम्पाल यांची बासरी आणि लिली लास्किन यांची हार्प अशी जपानी धुनांची एक तबकडी आली, तिचं नावच 'साकुरा'. वादनात बोट ठेवायला जागा नाही. तरी मला ती गोड लागते, जरुरीपेक्षा गोड. बासरीचा सूर हवा तेवढा लांबवता येतो आणि खाली हार्प सारखी वाहत राहते, मग साकुरातली थांबण्याची जागाच उरत नाही. कोणाला हे मत उद्धट वाटेल, पण मी बेंजोवाला आहे, विरणाऱ्या सुरावर वाढलो.

सभागृहात वाजलं ते तर त्याच्याही पुढचं. तिथे जागा भरायला झरा आणला होता, पाखरं आणली होती, खाली सलग सुरांची गादी अंथरली होती. सावजीच्या रश्शात कोणी साखर कालवावी तसं झालं ते. जपानी संगीत म्हटलं की डोळे मिटायचे आणि ध्यान लावायचं, ही समजूत नवी नाही. १९६४ मध्ये टोनी स्कॉट या अमेरिकन क्लॅरिनेटवाल्याने टोकियोत कोतोवर युइझे शिनिची आणि शाकुहाचीवर यामामोतो होझान यांना घेऊन 'म्युझिक फॉर झेन मेडिटेशन' नावाची तबकडी केली. ती चांगली आहे, तिघे एकमेकांचं ऐकत वाजवतात. पण तिच्यामागून झोपेच्या संगीताचा जो पूर आला, त्यात वादकाचं नाव गेलं, वाद्य गेलं आणि नुसती 'शांती' उरली. तेच यामामोतो होझान पुढे रविशंकरांच्या १९७८ च्या 'ईस्ट ग्रीट्स ईस्ट' मध्ये आहेत. कोतोवर मियाशिता सुसुमु आणि तबल्यावर अल्लारखाँ. त्यात यात्सुहाशींच्या नावावरची 'रोकुदान' ही कोतोची रचना घेऊन त्यावर मंडळी खेळली आहेत. दोन देशांची मैत्री वाद्यांवर कशी दाखवतात, हे ज्या आयोजकांना पाहायचं असेल त्यांनी तेवढं ऐकावं.

नावाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. थेलोनियस मंक हा मोठा जॅझ पियानोवादक. त्याच्या १९६७ च्या तबकडीवर एका लांबलचक वादनाचं नाव 'जापनीज फोक साँग' असं छापलं आहे. प्रत्यक्षात ते 'कोजो नो त्सुकी'. ते ताकि रेंतारो यांनी १९०१ मध्ये रचलं, आणि तेवीस वर्षांचं आयुष्य मिळालेला हा संगीतकार, ज्या शाळेने साकुरा छापलं त्याच टोकियोच्या संगीतशाळेत शिकलेला. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसाच्या तबकडीवर रचनाकार हजर असताना गाणं लोकांच्या नावावर गेलं. वादन मात्र बेफाम आहे, मंकने ती धून मोडून तोडून पुन्हा उभी केली आहे. तेव्हा आपल्या बातमीत जपानी गाण्याची प्रार्थना झाली, यात आपण एकटे नाही.

आता बेंजो. १९१२ साली नागोया शहरातल्या मोरिता गोरो यांनी 'ताइशोगोतो' नावाचं वाद्य काढलं. त्याच वर्षी जपानात ताइशो राजवट सुरू झाली, तिचंच नाव दिलं. टाइपरायटरवरून त्यांना कल्पना सुचली. लाकडी पेटीवर तारा ताणायच्या, वर बटणं बसवायची, डाव्या हाताने बटण दाबलं की तार नेमक्या पडद्यावर टेकते, उजव्या हाताने पिक मारायची. कोतो घ्यायला आणि शिकायला ज्यांच्याकडे पैसा आणि वेळ नव्हता त्यांच्या घरात हे वाद्य गेलं. मग जहाजांत बसून आशियाभर हिंडलं. बलुचिस्तानात ते बेंजू झालं, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ताराब नावाच्या तिथल्या संगीताच्या मैफलीत शिरलं, हिंदुस्थानात बुलबुल तरंग झालं आणि आपल्याकडे बेंजो. कव्वालीच्या पार्टीत पेटी-ढोलकीच्या मधून जो खणखणीत आवाज उसळतो तो याचाच. वामनदादा कर्डकांची गाणी आम्ही ज्या पार्ट्यांत वाजवली, तिथे बेंजो नसला तर श्रोते विचारत, आज बेंजोवाला कुठे गेला जी? जपानात हे वाद्य आज लहान-मोठ्या आकारांत बनवतात आणि पंधरा-वीस जण मिळून वाजवतात, खर्जाचा ताइशोगोतो वेगळा असतो. आपल्याकडे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले तसा बेंजो पोटमाळ्यावर गेला.

तिथून उतरलेले काही माझ्याकडे येतात. परवाच कमाल चौकाकडच्या एका जुन्या कव्वालीवाल्याच्या नातवाने आजोबांचा बेंजो आणला. वरचं झाकण काढलं तर तारा लालभडक गंजलेल्या, चार बटणं खाली बसलेली, एका कोपऱ्यात झुरळाची अंडी. बटणांच्या स्प्रिंगा आता मिळत नाहीत. मी बॉलपेनातली स्प्रिंग काढतो, पकडीने दीडेक वेढा कापतो, टोक आत वळवून बसवतो, बटण पहिल्यासारखं उसळतं. बटणाखालची पट्टी तारेवर आपटून खट्ट वाजू नये म्हणून जुन्या शाळेच्या कोटाचं कापड कापून लावतो. तारा गिटारच्या चालतात. सगळं झालं की तपासणीला साकुरा वाजवतो, दरवेळी हेच. जलद चाल वाजवली तर वाद्यातले दोष झाकले जातात, कारण एक सूर विरायच्या आत दुसरा येतो. साकुरात दोन सुरांच्या मधे जी रिकामी जागा आहे तिच्यात सैल खिळासुद्धा बोलतो. कुठे खडखड आहे, कोणती पट्टी टेकत नाही, कोणती तार दुसरीला घासते, सगळं चौदा बारांत कळतं. शेजारच्या वहिनी अंगणात गहू निवडत होत्या, म्हणाल्या, "काय वाजवून राहिले जी भाऊ, कोणाची मय्यत झाली काय?" मी म्हटलं, नाही वहिनी, फुलं पाहायला जायचं गाणं आहे. त्यांना पटलं नाही.

बेंजोवाल्यांसाठी बोटांची जागा सांगून ठेवतो. सुटी तार म्हणजे मंद्र पंचम समजा. मग अर्ध्या अर्ध्या सुराने मोजत गेलं की पहिलं बटण कोमल धैवत, पाचवं षड्ज, सहावं कोमल रिषभ, दहावं मध्यम, बारावं पंचम आणि तेरावं वरचा कोमल धैवत. सहा बटणं आणि एक सुटी तार, झालं गाणं. आपल्या वाद्यावर मींड, म्हणजे एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणं, निघत नाही ही आपली जुनी रड. भावगीत वाजवताना तिच्यापायी जीव कासावीस होतो. इथे मींड मागितलेलीच नाही. फक्त पिक सारखी खालीवर थरथरवायची आपली सवय सोडावी लागेल. एक आघात करायचा आणि हात उचलायचा. पहिल्यांदा हे फार जड जातं, हात आपोआप चालू पडतो.

कार्यक्रमाच्या आधी मी आयोजकांपैकी एकांना जाऊन भेटलो होतो, हेही सांगायला हवं. नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही. म्हटलं, मी आणि आणखी दोघं बेंजोवाले साकुरा वाजवतो, पाच मिनिटं द्या, मानधन नको. ते म्हणाले, "काका, जपानचे पाहुणे येऊन राहिले, त्यांच्यासमोर बेंजो कशाला? ते आपलं कव्वालीचं. काही क्लासिकल असतं तर पाहिलं असतं." मी नागोयाची गोष्ट सांगायला लागलो तर त्यांचा फोन वाजला. मंडपवाला होता. पुढे त्यांनी मला पहिल्या रांगेचा पास देऊ केला, तो मी घेतला नाही, हा माझा स्वभाव.

त्या संध्याकाळी पेन ड्राइव्ह सुरू झाल्यावर मी धून ऐकणं सोडून पाहुण्यांकडेच पाहत होतो. तिघा-चौघांनी हसून मान डोलावली, पाहुणे म्हणून डोलावतात तशी. एक म्हाताऱ्या बाई मांडीवर बोटं आपटून बार मोजत होत्या. कीबोर्डवाल्याने शेवटच्या ओळीआधी दोन बार उगाच वाढवले होते, तिथे त्यांची बोटं थांबली आणि त्यांनी शेजारणीकडे पाहिलं. हे मागच्या रांगेतून मला दिसलं ते मी उभा होतो म्हणून, खुर्ची मोडकी होती.

तेव्हा माझं म्हणणं असं. आपल्या वार्ताहरांनी अशा कार्यक्रमात धुनेचं नाव आणि वाद्य कोणतं, वाजवणारा कोण, एवढं विचारून घ्यावं. वाजवणारा कोणीच नसेल तर 'ध्वनिमुद्रण ऐकवण्यात आले' असं सरळ लिहावं. आयोजकांना विनंती अशी की जपानी पाहुणे पुन्हा येतील तेव्हा, कामठीला असो की शहरात, साकुरा आपल्या बेंजोवर वाजू द्या. तीन बेंजो पुरेत, ढोलकी नको, तबला नको. दोनदा धून वाजवून आम्ही उठू. माइक एकच लागेल, तो बेंजोच्या पेटीजवळ ठेवायचा आणि साउंडवाल्याला सांगून एको बंद करायचा. एवढं केलं तर तो त्यांच्याच देशातला बेंजो आहे हे पाहुण्यांना माइकवरून सांगावं लागणार नाही, ते वाद्य पाहूनच ओळखतील.

शहरात ज्यांच्या घरी जुना बेंजो पडून असेल त्यांनी तो भंगारात देऊ नये, माझ्याकडे आणावा. तारेचा आणि कापडाचा खर्च तेवढा घेतो, स्प्रिंगा फुकट, जुने बॉलपेन मात्र घेऊन या. माझा पत्ता आणि नंबर आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे. दुपारी चारनंतर मी घरीच असतो. बुधवारी येऊ नका, बुधवारी आमच्या पार्टीचा सराव असतो आणि त्या गोंधळात साकुरा कोणाच्या बापाला ऐकू येणार नाही.

आपला,
एक निवृत्त फिटर आणि बेंजोवाला
इंदोरा, नागपूर